विमानाच्या खिडकीचे कोपरे गोल का?

विमानाचं चित्र काढायला सांगितलं की तुमच्यातले पुष्कळ जण त्याला चौकोनी खिडक्या काढतात. घराची खिडकी चौकोनी, एसटीची चौकोनी, मग विमानाचीच का नको? पण खऱ्या विमानाचा फोटो नीट पाहा. खिडकी उभट आणि चारही कोपरे गोल वळवलेले. हे नुसतं शोभेसाठी नाही बरं का! त्यामागे कॉमेट नावाच्या विमानाची गोष्ट आहे.

कॉमेट म्हणजे प्रवाशांची नियमित ने-आण करणारं जगातलं पहिलं जेट विमान. इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीनं बांधलेलं. २ मे १९५२ रोजी ३६ प्रवासी घेऊन ते लंडनहून जोहान्सबर्गला निघालं. तोवरची विमानं पंख्यांची. नुसता घरघराट, आणि खराब हवेत हिसकेच हिसके! कॉमेट ढगांच्याही वरून, सुमारे १२ किलोमीटर उंचीवरून जायचं. आपला एव्हरेस्ट ९ किलोमीटरसुद्धा भरत नाही, म्हणजे विचार करा!

एवढ्या उंचीवर हवा फार विरळ असते. माणसांना श्वास घेता यावा म्हणून विमानात हवा दाबून भरावी लागते. त्यामुळे कॉमेटच्या पत्र्यावर आतून दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहून जास्त रेटा यायचा. वर गेलं की विमान किंचित फुगायचं, खाली उतरलं की पूर्ववत व्हायचं. डोळ्यांना दिसणार नाही इतकंच. पण रोज, प्रत्येक फेरीला.

आणि मग अपघात सुरू झाले. २ मे १९५३ रोजी, म्हणजे पहिल्या फेरीला बरोब्बर वर्ष झालं त्या दिवशी, कलकत्त्याहून उडालेलं कॉमेट वादळात सापडून कोसळलं. ४३ माणसं गेली. दोष वादळावर गेला. पण १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनला निघालेलं विमान एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं आणि समुद्रात पडलं. ३५ जण दगावले. उड्डाणं थांबवली, जिथे जिथे शंका आली तिथे दुरुस्त्या केल्या आणि मार्चमध्ये विमानं पुन्हा सोडली. खरं कारण मात्र सापडलेलं नव्हतं! ८ एप्रिलला नेपल्सजवळ आणखी एक कॉमेट समुद्रात पडलं. २१ बळी. मला तर या गोष्टीतली सर्वांत दुःखाची जागा हीच वाटते.

आता सगळीच कॉमेट जमिनीवर बसवली. पाण्याखाली टीव्ही कॅमेरे सोडून एल्बाजवळच्या समुद्रातून विमानाचे तुकडे शोधून काढले. इंग्लंडमध्ये फार्नबरो इथे सर आर्नोल्ड हॉल यांच्या तुकडीनं तर एक भला मोठा हौद बांधला आणि त्यात आख्खं कॉमेटच बुडवलं, पंख तेवढे बाहेर! विमानातही पाणी भरलं. पंपानं आतला दाब वाढवायचा, मग कमी करायचा. झाली एक फेरी. रात्रंदिवस हेच. हे विमान आधी १२२१ वेळा खरंखुरं उडालेलं होतं. हौदात आणखी १८३६ फेऱ्या झाल्या आणि त्याचा पत्रा फाटला. कुठून? चौकोनी झरोक्याच्या कोपऱ्यापासून! एल्बाच्या तुकड्यांतही छतावरच्या अशाच एका झरोक्याच्या कोपऱ्याजवळ, रिबिटाच्या भोकापाशी, चीर सापडली.

याचं कारण घरीच पाहा. बारीक तार एकदा वाकवली तर तुटत नाही. वाकडी-सरळ, वाकडी-सरळ करत राहिलात की तुटते. धातू थकतो म्हणा ना! आता कागदाची पट्टी घ्या, कडेला कात्रीनं जराशी चीर द्या आणि दोन्हीकडून ओढा. पट्टी फाटेल ती चिरेच्या टोकापासूनच. सगळा ताण तिथे गोळा होतो. कॉमेटचे कोपरे थोडे वळवलेले होते, पण तेवढं पुरेसं नव्हतं. गोलाईत ताण एका जागी साचत नाही, वाटला जातो.

चौकशी उघडपणे झाली आणि तिचा अहवाल छापला गेला, त्यामुळे परदेशातल्या विमान बांधणाऱ्यांनाही तो अभ्यासता आला. सुधारलेलं कॉमेट १९५८ मध्ये अटलांटिक ओलांडू लागलं. पण त्याच महिन्यात अमेरिकेचं बोइंग ७०७ आलं, कॉमेटपेक्षा मोठं, आणि त्यानं बाजी मारली. आपल्या एअर इंडियानंही १९६० मध्ये ७०७ च घेतलं.

पुढच्या विमानांच्या खिडक्याही पाहण्यासारख्या. आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणारं काँकॉर्ड १९७६ पासून २००३ पर्यंत प्रवासी नेत होतं. त्याच्या खिडक्या जेमतेम तळहाताएवढ्या. एखादी फुटलीच तर आतली हवा हळू निघावी म्हणून! याउलट २०११ मध्ये प्रवासी नेऊ लागलेल्या बोइंग ७८७ च्या खिडक्या चांगल्या ४७ सेंटिमीटर उंच. त्याचं अंग बरंचसं कार्बनच्या धाग्यांचं आहे, ते धातूसारखं थकत नाही.

विमानात खिडकीशेजारची जागा मिळालीच, तर काचेच्या खालच्या कडेजवळ टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसतं का ते पाहा. घाबरू नका, ते मुद्दाम पाडलेलं असतं. खिडकीला एकामागे एक काचा असतात. त्या भोकातून हवा पलीकडे जाते आणि दाबाचा भार सर्वांत बाहेरची जाड काच पेलते. मधली काच असते राखीव, बाहेरची फुटलीच तर उपयोगी पडणारी!