पैसे बुडाले, गुन्हाही दाखल झाला. मग संचालक ‘दोषमुक्त’ कसा होतो?

पतसंस्था बुडते, ठेवीदार पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात. काही वर्षांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो, ‘संचालक दोषमुक्त’. खाली लगेच प्रश्न, ‘मॅनेज झालं का?’

तसंच असेल असं नाही. साक्षीपुरावे होऊन आरोपी सुटला तर ती निर्दोष मुक्तता. दोषमुक्ती त्याच्या खूप आधीची. आरोपपत्र आलंय, पण आरोप निश्चित व्हायचेत, तेव्हा आरोपी कोर्टाला म्हणतो, ‘या कागदांत माझ्याविरुद्ध काहीच नाही, खटला चालवू नका.’

महाराष्ट्रात अशा प्रकरणांत १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी लागतो. शिक्षा सहा वर्षांपर्यंत. त्याचं जाळं मोठं आहे : प्रवर्तक, भागीदार, संचालक, मॅनेजर, कारभाराला जबाबदार कर्मचारीसुद्धा. म्हणून अर्जात हमखास दिसणारा बचाव म्हणजे ‘मी नावापुरता होतो’ किंवा ‘मी आधीच राजीनामा दिला होता’.

दुसरा बचाव, ‘ही ठेवच नव्हती’. भागभांडवल ठेवीत मोडत नाही, हे खरं. पण बाकी व्याख्या ऐसपैस आहे. एनएसईएलमध्ये २०१३ साली सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. आम्ही फक्त व्यवहाराचा मंच होतो, ठेवी घेतल्याच नाहीत, असा युक्तिवाद झाला. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. वाद मालमत्ता जप्तीचा होता, पण ‘ठेव’ म्हणजे काय हे त्यातून स्पष्ट झालं.

कोर्ट बघतं काय? सामल खटल्यात (१९७९) सुप्रीम कोर्टाने सांगितलं की न्यायाधीश म्हणजे पोस्ट ऑफिस नव्हे, पण या टप्प्यावर अख्खा खटलाही चालवायचा नाही. गंभीर संशय दिसला तर आरोप निश्चित होतात. शिवाय पाढी निकालानुसार (२००४) आरोपीने स्वतः आणलेले कागद इथे विचारात घेतले जात नाहीत. म्हणजे राजीनाम्याचं पत्र आरोपपत्रात नसेल, तर नुसतं खिशातून काढून भागत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अर्जाला मुदतही आली. एमपीआयडीच्या खटल्यात आरोपपत्राच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवस.

आणि ठेवीदारांचं काय? एक जण सुटला म्हणून बाकीच्यांवरचा खटला थांबत नाही. जप्तीची कारवाई वेगळ्या कलमांखाली चालते. आदेशाला हायकोर्टात आव्हान देता येतं. पुढे साक्षीत पुरावा आला तर सुटलेल्यालाही पुन्हा बोलावता येतं. मात्र सगळं आरोपपत्रावर अडतं. त्यामुळे आपली पावती, तिच्यावरची सही आणि तारीख त्यात आहे का, हे आधी बघावं.