मेंदूतील प्रवास आणि विजेचा वाटाड्या

मेंदूला इजा झालेल्या रुग्णाच्या आप्तांना ‘मूळ पेशी’ हे दोन शब्द आज मंत्रासारखे वाटू लागले आहेत. नव्या पेशी टोचल्या की गेलेली वाचा वा हातापायांतील शक्ती परत येईल, अशी आशा त्यांना दाखविली जाते. या आशेच्या बाजारात एक साधा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही : टोचलेली पेशी इजेच्या जागी पोहोचणार कशी?

पेशी मेंदूत सोडली म्हणजे ती हव्या त्या ठिकाणी आपण होऊन जाते, असे नाही. पुष्कळशा पेशी टोचल्या जागीच राहतात, कित्येक मरतात. या अडचणीवर विजेचा उपाय सुचावा हे नवलाचे वाटेल; परंतु त्याची मुळे जुनी आहेत. एमिल द्यु ब्वा-रेमों या बर्लिनच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आपल्याच बोटाच्या जखमेतून वाहणारा क्षीण विद्युत्प्रवाह मोजला होता. त्वचेच्या पेशी सोडियमचे आयन सतत आत ओढीत असतात. त्यामुळे कातडीच्या आतबाहेर विद्युद्दाबाचा फरक टिकून राहतो. कातडी फाटली की त्या ठिकाणी तो कोसळतो आणि जखमेकडे रोख असलेले विद्युत्क्षेत्र तयार होते. १९८२ साली गिनीपिगच्या त्वचेवर झालेल्या मोजणीत ते दर मिलिमीटरला १०० ते २०० मिलिव्होल्ट इतके भरले. जखम भरून काढणाऱ्या पेशींना दिशा दाखविण्यात या क्षेत्राचा वाटा असतो.

मेंदूतही असेच काही घडते काय? उंदरांच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या भिंतीशी मूळ पेशी असतात. त्यांच्यापासून जन्मलेल्या कोवळ्या चेतापेशी वारकऱ्यांच्या दिंडीसारख्या ठरल्या वाटेने वास ओळखणाऱ्या भागाकडे जातात. या वाटेवर नैसर्गिक विद्युत्प्रवाह असतो आणि तो पेशींना दिशा देतो, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

खरी कसोटी पुढे होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत जुनफेंग फेंग, मिन झाओ आदींनी माणसाच्या चेतासंस्थेच्या मूळ पेशी उंदराच्या मेंदूतील याच वाटेच्या मध्यावर सोडल्या आणि विद्युदग्रे बसवून उलट दिशेने क्षेत्र लावले. पेशी वाहत्या ओघाविरुद्ध, मूळ उगमाकडे सरकल्या! २०१७ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग महत्त्वाचा ठरतो तो यामुळे. पेशी नेहमीच्याच वाटेने पुढे गेल्या असत्या, तर श्रेय विजेचे की वाटेचे, हा वाद उरला असता. पुढे काही महिन्यांनी पाहिले तेव्हाही मेंदूत त्या पेशी जिवंत आढळल्या.

तथापि, पेशी पोहोचणे म्हणजे रुग्ण बरा होणे नव्हे. पोहोचलेल्या पेशीने योग्य प्रकारची चेतापेशी बनावे, शेजाऱ्यांशी जोडणी करावी आणि तिची बेसुमार वाढ होऊन गाठ होऊ नये, या पुढच्या पायऱ्या आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताच्या ठराविक आजारांसारखे मान्य उपचार सोडून मूळ पेशींचा वापर केवळ मंजूर चाचण्यांपुरता ठेवला, तो उगाच नव्हे. घर गहाण टाकून लाखो रुपये मोजणाऱ्या आईबापांना हे कोणी सांगत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

शिवाय उंदराचा मेंदू जेमतेम दोन ग्रॅमचा, माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. तिथे मिलिमीटरांचा प्रवास, इथे सेंटिमीटरांचा. इतक्या अंतरावर पुरेसे क्षेत्र दीर्घकाळ लावायचे, तेही ऊतकाला इजा न करता आणि शक्य झाल्यास कवटी न उघडता, हे काम अद्याप व्हावयाचे आहे.