परिचारिकेकडून समन्वयकाकडे : औद्योगिक क्षेत्रातील रुग्णसेवेचा पुढचा टप्पा

‘जालना सोन्याचा पाळणा’ अशी या शहराची जुनी ख्याती आहे. एकेकाळी ती येथील व्यापारपेठेमुळे होती. पुढे उद्योगांनी तिला नवा अर्थ दिला. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ या बियाणे संस्थेची स्थापना केली आणि संकरित बियाण्यांच्या क्षेत्रात जालन्याचे नाव देशभर झाले. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या, येथील क्षेत्रात भंगार वितळवून पोलाद करणाऱ्या भट्ट्या आणि सळया तयार करणाऱ्या रोलिंग मिल उभ्या राहिल्या. आज बांधकामाच्या सळयांची बाजारपेठ म्हणून जालना ओळखले जाते. या भट्ट्यांवर जिल्ह्यातील कामगारांच्या जोडीला बिहार, उत्तर प्रदेश यांसारख्या दूरच्या राज्यांतून आलेले कामगारही राबत असतात.

पोलादाचे काम जोखमीचे आहे. विजेच्या भट्टीत सुमारे सोळाशे अंश सेल्सिअस तापमानाला धातू वितळतो. भंगारात ओलावा किंवा एखादे बंद डबडे राहून गेले तर वितळलेला रस उसळतो आणि भोवतालच्या माणसांना भाजतो. भट्टीच्या आतील अस्तर गारगोटीच्या भुकटीचे असते. ते फोडताना व नव्याने ठोकून बसवताना उडणारी सूक्ष्म धूळ फुप्फुसात साठते व वर्षानुवर्षांनी ‘सिलिकोसिस’ हा बरा न होणारा विकार जडू शकतो. ज्याला हा विकार झाला, त्याला क्षयरोग होण्याचा धोकाही वाढतो.

अशा कामगाराला इस्पितळात दाखल केले, औषधोपचार झाले आणि घरी जाण्यास अनुमती मिळाली, म्हणजे सेवा संपली असे आपण सामान्यतः समजतो. वस्तुतः खरी अडचण पुष्कळदा तेथूनच सुरू होते. ती दूर करण्यासाठी नोंदणीकृत परिचारिकेला विशेष शिक्षण देऊन तिच्याकडे एक नवे दायित्व सोपवावे, असा विचार जगात अनेक ठिकाणी रुजला आहे. त्याची माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

‘केस मॅनेजमेंट’ म्हणजे काय?

एका रुग्णाच्या वाट्याला अनेक संस्था येतात. कारखाना, रुग्णालय, विमा कार्यालय, व्यायामोपचार केंद्र, गावचे आरोग्य उपकेंद्र यांपैकी प्रत्येक संस्था आपापले काम करते. परंतु एका संस्थेतून दुसरीकडे जाताना रुग्ण मध्येच गळतो. कागद अपुरा असतो, तारीख चुकते, भाषा कळत नाही, गाडीभाडे नसते. हा धागा तुटू न देण्याचे काम एका प्रशिक्षित व्यक्तीने अंगावर घेणे, यालाच ‘केस मॅनेजमेंट’ म्हणतात. मराठीत त्यास रुग्ण-समन्वय म्हणता येईल.

ही कल्पना अगदी नवी नाही. इंग्लंडमधील नॉर्विच येथे कोलमन यांच्या मोहरी कारखान्यात १८७८ साली फिलिपा फ्लॉवरडे या परिचारिकेची नेमणूक झाली. कारखान्यातील दवाखान्यात मदत करणे आणि आजारी कामगारांच्या घरी जाऊन विचारपूस करणे, ही दोन्ही कामे तिच्याकडे होती. न्यूयॉर्कमध्ये लिलियन वाल्ड यांच्या सूचनेवरून १९०९ साली मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने आपल्या विमेदारांच्या घरी परिचारिका पाठविण्यास प्रारंभ केला. पुढे या कार्यास स्वतंत्र व्यवसायाचे रूप आले. अमेरिकेत आज परिचारिकेला या विषयाचे प्रमाणपत्र हवे असल्यास नुसते पुस्तकी ज्ञान पुरत नाही. तेथील परिचारिका प्रमाणन केंद्र तिच्याकडून नोंदणीकृत परिचारिका म्हणून दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, तसेच मागील तीन वर्षांत रुग्ण-समन्वयाच्या कामाचे २,००० तास व त्या विषयाचे ३० तासांचे शिक्षण अपेक्षिते. प्रथम परिचर्या, नंतर अनुभव आणि मग समन्वय, हा त्यामागील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

एक उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक प्रकरण घेऊ. रोलिंग मिलमधील एका परप्रांतीय कामगाराचा उजवा हात भाजला. रुग्णालयात जखम भरून आली. तथापि, भाजल्याच्या जागी नवी कातडी येताना आकसते. हाताला योग्य आधारपट्टी बांधली नाही आणि नेमून दिलेले व्यायाम महिनोन्‌महिने केले नाहीत, तर बोटे आखडतात व हात कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणजे जखम बरी होऊनही कामगार कामाला मुकतो.

समन्वयक परिचारिका येथे काय करील? रुग्णालयातून सुटी मिळण्यापूर्वीच ती रुग्णाची भेट घेईल. पुढील तपासणीच्या तारखा, व्यायाम, आधारपट्टी आणि आहार यांचा लेखी आराखडा करील व तो रुग्णाला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगेल. अपघाताची सूचना कारखान्याकडून विमा कार्यालयास वेळेवर गेली आहे, याची ती खात्री करून घेईल. रुग्ण विश्रांतीसाठी आपल्या मुलुखात जाणार असेल, तर तेथील आरोग्य केंद्रास कळवील. तो परतल्यावर पूर्वीचेच काम द्यावे, हलके काम द्यावे, की काही काळ थांबावे, याविषयी डॉक्टरांचे मत मिळवून ते व्यवस्थापनापर्यंत पोहोचवील.

यात तिने कोणतेही नवे औषध दिलेले नाही की रोगनिदान केलेले नाही. ते काम डॉक्टरांचेच आहे. परंतु तिच्या या खटपटीवाचून डॉक्टरांचे श्रम निम्मे वाया गेले असते.

प्रशिक्षणात काय असावे?

परिचारिकेस शुश्रूषा येते. मग निराळे शिक्षण कशासाठी, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. रुग्णालयातील परिचारिकेचे लक्ष समोरच्या खाटेवर आणि चालू पाळीवर असते. समन्वयक परिचारिकेस मात्र सहा महिन्यांनंतर तो रुग्ण कोठे व कसा असेल, याचा विचार करावा लागतो. त्यासाठी चार विषयांचे ज्ञान आवश्यक ठरते.

पहिला विषय संबंधित विकारांचा. भारतीय परिचर्या परिषदेने भाजलेल्या रुग्णांची परिचर्या, अस्थिरोग व पुनर्वसन परिचर्या अशा विषयांत मूलभूत शिक्षणानंतरच्या पदविका ठरवून दिल्या आहेत. पोलाद उद्योगाच्या परिसरात हे शिक्षण विशेष उपयोगी आहे. दीर्घकाळ खोकला असलेल्या भट्टीकामगाराची क्षयरोगासाठी तपासणी व्हावी आणि त्याने पूर्वी कोणते काम केले, हेही विचारले जावे, ही दृष्टी अशा शिक्षणातून येते.

दुसरा विषय कायदा व विमा. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येणाऱ्या कामगारांसाठी १ जानेवारी २०१७ पासून वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. या योजनेत आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के, तर कामावरील इजेमुळे आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वात ९० टक्के दराने लाभ मिळतो. क्षयरोगासारख्या ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढीव लाभाची सोय आहे. कामावर झालेल्या इजेसाठी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. ज्या कामगारास हे ठाऊक नाही, तो घर चालविण्यासाठी जखम ओली असतानाच भट्टीवर परततो.

तिसरा विषय संभाषण व समुपदेशन. हिंदी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या कामगाराशी, त्याच्या मुकादमाशी, कंत्राटदाराशी आणि दूर गावी असलेल्या पत्नीशी बोलणे, हेही शिकावे लागते.

चौथा विषय नोंदी व गोपनीयता. या शेवटच्या विषयाचा थोडा विस्तार करणे जरूर आहे.

परिचारिका कोणाच्या बाजूची?

परिचारिकेचे वेतन कारखाना देत असेल, तर ती कामगाराचे हित पाहील की मालकाचे? हा प्रश्न टाळून चालणार नाही. आपला आजार कळला तर नोकरी जाईल, अशी भीती बसली की कामगार खोकला लपवितो. मग रोगही वाढतो आणि त्याच खोलीत राहणाऱ्या सोबत्यांनाही धोका पोहोचतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८५ साली स्वीकारलेल्या व्यावसायिक आरोग्य सेवांविषयीच्या १६१ क्रमांकाच्या अभिसंधीत याविषयी स्पष्ट तत्त्व घालून दिले आहे. कारखान्यातील आरोग्यसेवा देणाऱ्यांना मालक व कामगार या दोघांपासूनही पूर्ण व्यावसायिक स्वातंत्र्य असावे, असे ते तत्त्व होय. व्यवहारात त्याचा अर्थ असा की, कामगार कोणत्या कामास योग्य आहे आणि त्याला कोणते काम देऊ नये, एवढेच व्यवस्थापनास कळवावे. रोगाचा तपशील परिचारिका व डॉक्टर यांच्याकडेच राहावा. प्रशिक्षणात हा धडा नसेल, तर समन्वयक म्हणजे केवळ हजेरी तपासणारी कर्मचारी ठरण्याची भीती आहे.

आपल्याकडील पाऊल

परिचारिकेस पूरक शिक्षण देऊन अधिक दायित्व सोपविण्याचा मोठा प्रयोग आपल्या देशात झालेला आहे. आयुष्मान भारत कार्यक्रमांतर्गत पहिल्या आरोग्य व कल्याण केंद्राचे उद्घाटन १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधील जांगला येथे झाले. २०२३ पासून या केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नाव आहे. उपकेंद्राच्या स्तरावरील अशा केंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्यात येतो. परिचारिका, तसेच आयुर्वेद पदवीधर यांना सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्य प्रमाणपत्र अभ्यासक्रम देऊन या पदासाठी तयार करण्यात आले. पुढे हा अभ्यासक्रम परिचर्या पदवीच्या शिक्षणातच समाविष्ट करण्यात आला.

तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब, मधुमेह तसेच तोंडाच्या, स्तनांच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करणे, संशयित रुग्णास वरच्या रुग्णालयात पाठविणे आणि तेथून परतलेल्या रुग्णाचा उपचार खंडित होऊ न देणे, ही या अधिकाऱ्याची कामे आहेत. ‘ई-संजीवनी’ या दूरध्वनिचित्र सल्लासेवेद्वारे तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्लाही त्याला घेता येतो. नाव निराळे असले तरी रुग्ण-समन्वयाचे मूळ तत्त्व येथे आहेच. गावात जे घडू लागले आहे, ते कारखान्याच्या दारापर्यंत कसे न्यावे, एवढाच प्रश्न उरतो.

कारखान्यांपुरते बोलायचे तर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वैद्यकीय व परिचर्या कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली उपचार-कक्ष ठेवण्याची तरतूद केली होती. संसदेने २०२० साली संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही पाचशेची ही मर्यादा आहे. त्याहून लहान कारखान्यांवर असे बंधन येत नाही. अपघात मात्र कामगारांची संख्या मोजून होत नाहीत. म्हणून एकाच औद्योगिक क्षेत्रातील अनेक लहान कारखान्यांनी एकत्र येऊन एका प्रशिक्षित परिचारिकेची सामाईक सेवा घ्यावी, ही सूचना विचारार्ह आहे. जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्यातच वैद्यकीय शिक्षणाची सोय झाल्याने अशा प्रशिक्षणास आधार मिळू शकेल.

सर्वांचे सहकार्य

ही व्यवस्था केवळ परिचारिकेच्या बळावर उभी राहणार नाही. कामगार गावी परतला की त्याची पहिली गाठ पंचायत सदस्यांशी पडते. बाहेरगावी कामास गेलेली माणसे आजारी होऊन परतली, तर त्यांची माहिती उपकेंद्रास देणे सदस्यांना सहज शक्य आहे. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात गेला तरी ‘निक्षय’ या नोंदप्रणालीतून त्याचा उपचार तेथे पुढे चालू ठेवता येतो, ही गोष्ट ग्रामसभेत सांगितली जावी.

शिक्षकांचे स्थानही महत्त्वाचे आहे. एखादा मुलगा एकाएकी शाळेत येईनासा होतो, तेव्हा त्यामागे पुष्कळदा वडिलांचे आजारपण असते. घरी चौकशी करणारा शिक्षक त्या कुटुंबाला आरोग्यसेवेपर्यंत आणि हक्काच्या लाभापर्यंत पोहोचवू शकतो. आरोग्य, कामगार व विमा या विभागांच्या अधिकाऱ्यांनी परस्परांची कार्यपद्धती जाणून घेतली आणि समन्वयक परिचारिकेच्या पत्रास तत्परतेने उत्तर दिले, तर तिचे निम्मे काम हलके होईल.

उद्योगाची प्रगती किती टन सळई बाहेर पडली, यावरून मोजण्याची आपल्याला सवय आहे. भट्टीवर हात भाजलेला किती कामगार त्याच हाताने पुन्हा काम करू लागले, हेही तितक्याच काटेकोरपणे मोजले गेले पाहिजे. ती मोजणी ठेवणारी, आणि तो आकडा वाढावा म्हणून झटणारी, योग्य शिक्षण घेतलेली परिचारिका प्रत्येक औद्योगिक क्षेत्रास लाभणे ही काळाची गरज आहे.