कंपनीचं ट्यूनिंग की बाहेरचं?

होटगीहून सोलापूरपर्यंतचे पंधराएक किलोमीटर गाडी चांगली पळवून आणावी, इंजिन जरा निवू द्यावं आणि प्लग खोलावा. अनुभवी मेस्त्रीला त्यातूनच निम्मी गोष्ट कळते. टोकाजवळचा चिनीमातीचा भाग बिस्किटाच्या रंगाचा असेल, तर हवा आणि पेट्रोलचं जमलेलं असतं. त्यावर काळी काजळी धरली असेल, तर पेट्रोल जास्त जातंय. आणि तो पांढराफटक दिसला, तर पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन आतून भाजतंय.

हौसेने सायलेन्सर बदलला, ‘परफॉर्मन्स’ फिल्टर टाकला, आवाज दणदणीत झाला, पिकअपही वाढल्यासारखं वाटलं, आणि दोन महिन्यांनी प्लग पांढरा निघाला. गाडी कंपनीने दिली तशी ठेवावी की बाहेरचे पार्ट घालून ट्यून करून घ्यावी, हा प्रश्न खरं तर इथून सुरू होतो.

महाराष्ट्रातल्या गॅरेजांना ट्यूनिंग नवं नाही. १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० वर मेस्त्र्यांच्या कितीतरी पिढ्यांनी हात साफ केले. ९८ सीसीचं दोन स्ट्रोकचं इंजिन, ताकद ११ पीएस. सिलिंडरची पोर्ट कानशीने घासायची, कार्बोरेटरचा जेट बदलायचा, सायलेन्सर वेगळा लावायचा आणि चालवून बघायचं. चुकलं तर परत दुसरा जेट. इंजिन साधं होतं, चूक लगेच कळायची आणि बहुतेक वेळा स्वस्तात निस्तरायची. कानाने ट्यूनिंग करणाऱ्या त्या कारागिरांचं कौशल्य अस्सल होतं, याबद्दल दुमत नको.

पण १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषणाचे नवे नियम आले आणि दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. आता पेट्रोल किती सोडायचं ते इसीयू, म्हणजे इंजिनचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, ठरवतो. आत येणारी हवा किती तापलेली आहे, तिचा दाब किती, थ्रॉटल किती उघडलाय हे सेन्सर त्याला सांगत असतात. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर जळण कसं झालं याचा निरोप परत पाठवतो. एका वेगाने निवांत चालताना इसीयू या निरोपावरून मिश्रण सुधारत राहतो. पण थ्रॉटल पूर्ण पिळला की साधारणपणे तो निरोप बाजूला ठेवतो आणि कंपनीने आधी भरून ठेवलेल्या तक्त्यावर, म्हणजे ‘मॅप’वर चालतो. तो मॅप कंपनीचा फिल्टर आणि कंपनीचा सायलेन्सर धरून लिहिलेला असतो. हवा वाढली, पेट्रोल मात्र जुन्याच हिशेबाने आलं, की नेमकं जोर लावण्याच्या वेळी मिश्रण पातळ होतं. पांढऱ्या प्लगचं कारण ते.

होटगीकरांना हे समजायला त्यांचं जंक्शन पुरेसं आहे. इथून विजयपूरमार्गे गदगला जाणारा फाटा एकेकाळी मीटरगेज होता. तो ब्रॉडगेज करताना नुसती चाकं बदलून भागलं नाही. रूळ, डबे, इंजिनं, सगळंच त्या मापाचं लागलं. ट्यूनिंगचंही तसंच. फिल्टर, सायलेन्सर आणि मॅप यांचा संच असतो, आणि त्यातलं एकच बदलणं म्हणजे काम अर्ध्यावर सोडणं.

मॅप बदलायची सोय आहे. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं पॉवरट्रॉनिक हे याच कामाचं उपकरण. ते कंपनीच्या इसीयूला जोडून बसतं आणि पेट्रोल व ठिणगीची वेळ बदलतं. काही ठिकाणी मूळ इसीयूतलाच मॅप नव्याने लिहून देतात. काम चोख करायचं तर गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवावी लागते, आधीची आणि नंतरची ताकद मोजावी लागते. ज्या ट्यूनरकडे मोजमाप नाही, त्याच्या हाती नवी गाडी देऊ नये. इथे कान फसवतो. आवाज मोठा झाला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं, घड्याळ लावलं तर फरक दिसत नाही.

आता हिशेब. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची ताकद २०.२ पीएस, टॉर्क २७ न्यूटन मीटर. फिल्टर, सायलेन्सर, मॅप असा पूर्ण संच घालून पाच टक्के वाढ झाली असं धरलं, तरी हाती येतो एक पीएस. तेवढ्यासाठी हजारो रुपये घालायचे आणि वॉरंटीवरही पाणी सोडायची तयारी ठेवायची.

सोलापूरच्या उन्हाचंही गणित आहे. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे सहा टक्के विरळ असते, त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारी कुठलीही गाडी थोडी मरगळतेच. त्यात जास्त ताकदीसाठी कोणी ठिणगी अलीकडे ओढली असेल, तर तापलेलं इंजिन नॉकिंग करू लागतं. चढावर, डबलसीट, वरच्या गिअरमध्ये खडखड ऐकू आली तर ती पिस्टनची तक्रार समजावी.

आणि पेट्रोलही पहिल्यासारखं राहिलेलं नाही. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. कुमठ्याचा सिद्धेश्वर कारखाना तर होटगी रस्त्यालगतच. उसापासून होणारं इथेनॉल आता २० टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळतं. एक किलो साधं पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला सुमारे साडेतेरा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन आठेक टक्के जास्त हवं. त्यामुळे जुन्या पेट्रोलवर बसवलेला जेट किंवा मॅप आज आपोआप पातळ पडतो. बाहेरचं ट्यूनिंग करून घेतलेल्यांनी ते कुठल्या इंधनावर केलं होतं, हे ट्यूनरला विचारलंच पाहिजे.

कायद्याची बाजू बहुतेकांना दंड झाल्यावरच कळते. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचणी करून मान्यता घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सायलेन्सरमधला, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं तर सरळसरळ शेजारच्यांच्या फुफ्फुसांशी खेळ आहे. रात्री अकराला गल्लीतून फटाके फोडत जाणाऱ्या बुलेटबद्दल वेगळं काय सांगायचं? घरात तान्हं मूल किंवा आजारी म्हातारं माणूस असणाऱ्यांना विचारावं.

ट्रॅकवर शर्यतीसाठी गाडी बांधणाऱ्याची गोष्ट निराळी. तो प्रत्येक फेरीची वेळ मोजतो, इंजिन वारंवार खोलतो, आणि ती गाडी रस्त्यावर आणत नाही. त्याला बाहेरचं ट्यूनिंग हवंच.

होटगी, अक्कलकोट, विजयपूर अशा रोजच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीला मात्र कंपनीचंच ट्यूनिंग योग्य. अडचण एवढीच की बऱ्याच गाड्या त्या ट्यूनिंगवर राहिलेल्याच नसतात. उसाच्या ट्रॉल्यांमागून काळ्या मातीची धूळ खात चाललेल्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीच्या आधीच भरतो. टॅपेटचं अंतर बिघडतं, चेन सैल पडते, टायरमधली हवा उतरते, आणि मग ‘गाडी खेचत नाही’ म्हणून सायलेन्सर बदलायचा विचार डोक्यात येतो. नवा पार्ट घेण्याआधी फिल्टर, प्लग, टॅपेट, चेन आणि टायर एवढं एकदा नीट करून घ्या आणि आठवडाभर गाडी चालवा. आणि सायलेन्सर आधीच बदलला असेल, तर कंपनीचा जुना भंगारात देऊ नका, तोच परत बसवून घ्या.