तारेचा भुईतला अर्धा

कळव्याच्या खाडीपुलावरून पारसिकच्या डोंगराकडे दृष्टी टाकली, तर मधल्या वस्तीत इमारतीला इमारत अशी भिडलेली दिसते, की हौशी बिनतारीवाल्याने येथे तार ताणावी तरी कोठे, असा प्रश्न पडावा. कारण आपल्याकडे 1820 ते 1860 किलोहर्ट्झ एवढी जी चिंचोळी पट्टी त्याला परवान्याने मिळते, तिच्या लहरीची लांबी सुमारे 163 मीटर असून तिला साजेशी अर्धलहरी तार साधारण 78 मीटर भरते. 1942 साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, तो 42.34 मीटरवर, त्या लहरीची अर्धी लांबी एकवीस मीटर, म्हणजे एखाद्या चाळीच्या गच्चीत मावणारी. खालच्या पट्ट्यांवर ती सोय नाही, आणि म्हणून येथे तार आखूड करण्याची विद्या शिकावी लागते.

ही विद्या बहुतेकजण वेटोळ्यापासून आरंभतात. पीव्हीसीच्या नळीवर वाइंडिंग वायरचे वेढे घालावेत, आखूड तारेची उणीव त्या वेटोळ्याने भरून काढावी आणि एरियल सुरात आणावे, हे खरेच; परंतु सुरात आलेली तार प्रसारण करतेच असे नव्हे. बारा मीटर उंचीची नुसती उभी तार घेतली, तर तिचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे शक्ती लहरींच्या रूपाने बाहेर टाकणारा रोध, जेमतेम दोन ओहम भरतो. तिच्या माथ्यापासून गच्चीवर वीस मीटर आडवी तार नेली, म्हणजे उलट्या ‘एल’चा आकार साधला, तर तो सहा ओहमच्या आसपास जातो आणि पायथ्याशी पंधरा-वीस वेढ्यांचे छोटेसे वेटोळे पुरते. आता जमिनीतील व्यय वीस ओहम धरला, तर शंभर वॅटपैकी पहिल्या तारेतून नऊच वॅट आकाशात जातात, दुसरीतून तेवीस. बाकी सर्व माती तापविण्यात खर्ची पडते. हाच व्यय सहा ओहमवर आणता आला, तर दुसरीतून निम्मी शक्ती हाती लागते. म्हणून माझे मत असे, की आखूड एरियलचा खरा अर्धा भाग जमिनीत आहे, आणि नवशिक्याने वेटोळ्यावर जेवढे श्रम घेतले असतील त्याच्या दुप्पट तेथे घ्यावेत.

ती जमीन म्हणजे इमारतीचे आवार. पायथ्यापासून चहूकडे तारा पसरताना थोड्या लांब तारांपेक्षा पुष्कळ आखूड तारा गुणकारी ठरतात, व त्या कुंपणभिंतीच्या कडेने, फरश्यांच्या सांध्यांतून नेता येतात. मात्र गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीकडे रीतसर अर्ज करून नाहरकत दाखला पदरात पाडून घ्यावा, कारण दिल्लीचा परवाना गच्चीचा हक्क देत नाही. या बाबतीत कळव्यावर निसर्गाची कृपा आहे: खाडीकाठची ओली, खारट माती पारसिकच्या मुरमापेक्षा विजेला कितीतरी सुखाने वाट देते. तोच खारा वारा तांब्याचे सांधे हिरवे करून सोडतो, तेव्हा प्रत्येक सांधा डाख देऊन झाकलाच पाहिजे. कांदळवनात मात्र कोणी तार नेऊ नये. ते वन राखणे आपल्या छंदाहून मोठे काम आहे.

प्रसारण साधले तरी ऐकणे उरते, आणि ते अधिक बिकट. रेल्वेची पंचवीस हजार व्होल्टची तार, लिफ्ट, घरोघरचे चार्जर आणि एलईडी दिवे यांचा कोलाहल उभ्या तारेत सरळ शिरतो. त्यावर मीटरभर व्यासाचे स्वतंत्र फिरते लूप ठेवून, उपद्रवाची दिशा पाहून, ते त्याच्याकडे बधिर करणे हाच उपाय मला पटतो. दिवसा वरच्या वातावरणातला ‘डी’ थर या लहरी शोषून घेतो. पावसाळ्यात विजांचा कडकडाट दूरवरून कानी येत राहतो. ऋतू उघडतो तो दिवाळीनंतर, तुळशीचे लग्न उरकून रोषणाईच्या माळा उतरल्या आणि थंडी पडू लागली म्हणजे. त्या दिवसांत सूर्योदयाच्या मागेपुढे, खाडीवर धुके असताना, पश्चिमेला अजून रात्र असलेल्या युरोपातील मोर्सचे टिंब नि रेघा काही मिनिटे स्पष्ट होतात, आणि उन्हे डोंगरावर चढली की विरून जातात.