स्टेशनवरचा मुका खांब

मुलांनो, सुट्टीत गावाला जाताना एखाद्या जुन्या स्टेशनावर गाडी थांबली, की तुम्ही खिडकीतून काय बघता? चहावाला, वडेवाला आणि नळावरची झुंबड! पुढच्या खेपेला जरा फलाटाच्या अगदी टोकाकडे नजर टाका. काही ठिकाणी तिथे एक जाड लोखंडी खांब दिसतो. वरच्या बाजूला एक आडवा हात. त्याला ना दिवा, ना पाटी. मग हा बापडा तिथे उभा कशाला?

अहो, ही तर वाफेच्या इंजिनाची पाणपोई! हा खांब आतून पोकळ असतो. आडवा हात फिरवून इंजिनाच्या टाकीवर आणायचा, चाक फिरवायचं, की धो धो पाणी! वाफेचं इंजिन भलतं तहानलेलं. पाण्याची वाफ करायची, तिच्या जोरावर चाकं फिरवायची आणि मग ती वाफ धुरांड्यातून धुराबरोबर सोडून द्यायची. गेलेलं पाणी परत थोडंच येणार? म्हणून वाटेत पुन्हा पुन्हा हजारो लिटर पाणी भरावं लागे.

पण खांब टोकालाच का? सोपं आहे. डबे फलाटाला लागले, की इंजिन पुढे टोकाशी उभं राहतं. जवळच उंच टाकी असते, तीही यासाठीच. उंचावरून पाणी जोरात येतं आणि गाडीचा खोळंबा होत नाही.

आता दुसरं कोडं. मोठ्या जंक्शनजवळ कुठे कुठे एक भला मोठा गोल खड्डा दिसतो. विहीर म्हणावी तर खोली नाही! हा इंजिन फिरवण्याचा पाट. खड्ड्यावर रुळांचा एक तुकडा मधल्या खुंटावर फिरता बसवलेला असे. इंजिनाला तोंड एकाच बाजूला, मागे कोळशाची आणि पाण्याची गाडी. उलटं चालवलं तर ड्रायव्हरला पुढचं नीट दिसत नसे. म्हणून परतीआधी इंजिनाचं तोंड फिरवायचं. तोल नीट साधला, तर एवढं अवजड धूड चारदोन माणसं ढकलून फिरवत, बरं का! आजच्या बहुतेक विजेच्या इंजिनांना दोन्हीकडे ड्रायव्हरची खोली असते. मग पाट हवा कशाला?

कधी कधी वस्तूचं काम संपतं, पण नाव उरतं. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गावर एका स्टेशनाचं नावच आहे ‘वॉटर पाइप’. घाट चढून दमलेलं छोटं इंजिन तिथे पाणी पीत असे!

आपल्या देशात ब्रॉडगेजवरच्या रोजच्या गाड्यांमधून वाफेचं इंजिन १९९५ च्या डिसेंबरात निवृत्त झालं. त्यावर घाम गाळलेले फायरमन आणि ड्रायव्हर आता आजोबा, पणजोबा झालेत. हा खांब कशाचा, हे सांगणारं कुणी उरलं नाही, तर उद्या तो नुसतं भंगार ठरेल आणि एक दिवस तोडला जाईल. वजनावर विकला, की संपलं!

म्हणून एक काम करा. असं काही दिसलं, तर फलाटावरूनच बघून वहीत चित्र काढा. रुळांत मात्र मुळीच उतरायचं नाही हं! मग ओळखीत कुणी रेल्वेतले आजोबा असतील, तर त्यांना ते चित्र दाखवा आणि विचारा, “आजोबा, हे कशासाठी होतं?” ते सांगतील ते चित्राखाली लिहून ठेवा. मुका खांब तुमच्या वहीत बोलू लागेल!