शहरातील मॅरेथॉन : धावणाऱ्याचे मागणे काय?

हिवाळा आला की आपल्याकडील मोठ्या शहरांतून मॅरेथॉन शर्यतींची हवा सुरू होते. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली. वडोदऱ्यास आणि गोव्यातही आता अशा शर्यती होतात. हैदराबादची शर्यत तर भर पावसाळ्यात, ऑगस्ट महिन्यात असते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत विजेत्याचे छायाचित्र येते, बक्षिसाची रक्कम येते, निशाण दाखविणाऱ्या पाहुण्यांचे नाव येते. परंतु श्रोतेहो, जिंकणारा एक असतो आणि धावणारे हजारो असतात. त्यांच्यात कारकून असतात, परिचारिका असतात, निवृत्त गृहस्थ असतात. त्यांनी प्रवेशशुल्क भरलेले असते आणि चार-सहा महिने पहाटे उठून पाय झिजविलेले असतात. या मंडळींची आयोजकांकडून काय अपेक्षा असते आणि ती पुरी करावयाची म्हणजे नेमके काय करावे लागते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. वाद्यवृंद, नटनट्या आणि रंगीबेरंगी कमानी यांचा त्या अपेक्षांत फारसा समावेश नसतो, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

आधी अंतराचे पाहू. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. हा चमत्कारिक आकडा १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमधून आला. शर्यत विंडसर राजवाड्यापाशी सुरू करून क्रीडांगणात राजघराण्याच्या आसनांसमोर संपवावयाची ठरली, आणि ते अंतर २६ मैल ३८५ यार्ड भरले. १९२१ साली हेच अंतर प्रमाण म्हणून मान्य झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२० साली अँटवर्प येथे झालेल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचे अंतर मात्र ४२.७५ किलोमीटर होते. त्या शर्यतीत बेळगावकडचे फडेप्पा दरेप्पा चौगुले धावले होते आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत ते एकोणिसावे आले. आजच्या हिशेबाने ते अर्ध्या किलोमीटरहून अधिक जास्त धावले. त्यांच्या वेळेशी कोणाला आपली वेळ ताडून पाहावयाची असेल, तर त्याने हे ध्यानात ठेवावे.

अंतर मोजण्याची मान्य पद्धत ऐकून पुष्कळांना नवल वाटते. ते सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला फेरे मोजणारे यंत्र बसवितात. पोलादी फितीने काटेकोर मोजलेल्या सरळ रस्त्यावर ती सायकल चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढतात. आणि मग सबंध मार्ग सायकलने पालथा घालतात. उन्हाने टायरमधील हवा प्रसरण पावते, म्हणून काम संपल्यावर तोच पडताळा पुन्हा घेतात. वळणावर रस्त्याच्या कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर राखून, म्हणजे धावणारा जास्तीत जास्त जवळून जाईल त्या वाटेने सायकल हाकावयाची असते. एवढे करूनही दर किलोमीटरमागे एक मीटर अधिक धरतात. कारण मार्ग थोडा लांब झालेला चालतो, तोकडा झालेला चालत नाही. तोकडा झाला तर काय होते, ते इंग्लंडमधील मँचेस्टरच्या शर्यतीत दिसून आले. २०१३, २०१४ आणि २०१५ या तिन्ही वर्षी तेथील मार्ग ३८० मीटरांनी कमी भरला होता, हे २०१६ साली उघडकीस आले, आणि हजारो लोकांच्या हातातील वेळेची नोंद निरर्थक ठरली. याउलट बँकॉक येथे २०१५ साली अर्ध्या मॅरेथॉनच्या धावपटूंना चुकीच्या जागी वळविल्यामुळे सुमारे सहा किलोमीटर जास्त धावावे लागले.

येथे धावणाऱ्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. मनगटावरच्या घड्याळाने साडेबेचाळीस किलोमीटर दाखविले की ते आयोजकांवर तुटून पडतात. पुष्कळदा आयोजक निर्दोष असतो. गर्दीतून वाट काढीत डावी-उजवीकडे धावले की अंतर वाढतेच, आणि उंच इमारतींच्या मधून जाताना उपग्रहाच्या आधारे चालणारी घड्याळे गोंधळतात.

आता पाण्याकडे वळू. माझ्या मते सगळी परीक्षा येथेच होते.

१९०४ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे झालेली ऑलिंपिक मॅरेथॉन ही, शर्यत कशी भरवू नये याचा नमुना होय. ऑगस्ट महिना, दुपारची वेळ, कच्चे रस्ते, आणि धावणाऱ्यांच्या पुढे-मागे मोटारींनी उडविलेली धूळ. सबंध मार्गात पाणी मिळण्याची सोय अगदी एक-दोन ठिकाणीच होती. आणि तीही निष्काळजीपणाने नव्हे, तर जाणूनबुजून. पाण्यावाचून शरीराचे काय होते हे मुख्य आयोजक जेम्स सलिव्हन यांना पाहावयाचे होते! ३२ जण निघाले, १४ पोहोचले. पोटात धूळ गेल्याने एकाच्या अंगात रक्तस्राव झाला. पहिल्या आलेल्या गृहस्थांना वाटेत कुचला आणि ब्रँडी पाजून कसेबसे पळते ठेवण्यात आले होते.

आज असे कोणी मुद्दाम करीत नाही. दर पाच किलोमीटरांच्या आसपास पेयांची सोय असावी असा नियमच आहे, आणि अधूनमधून नुसते पाणी व ओले स्पंजही ठेवतात. तरी पाणी संपते ते का? शिकागोच्या २००७ सालच्या शर्यतीचे उदाहरण पाहा. ऑक्टोबरची सात तारीख असूनही उष्णता तीस अंशांच्या वर गेली. पाणी मिळत नाही अशी ओरड झाली. आयोजकांचे म्हणणे असे की, साठा मुबलक होता. दोघांचेही खरे असू शकते! साठा असणे निराळे आणि तो धावत्या हातात पोहोचणे निराळे. समजा, एका पाणपोईवरून दीड तासात ९,००० माणसे जावयाची आहेत. म्हणजे मिनिटाला शंभर. एक स्वयंसेवक पाच सेकंदांत एक पेला हाती देतो असे धरले, तर मिनिटाला बारा पेले होतात. म्हणजे देणारे नऊ हात पाहिजेत. परंतु ऊन तापले की प्रत्येक जण दोन पेले उचलतो, एक पिण्यास आणि एक डोक्यावर ओतण्यास. तेथे तत्काळ सतरा हात लागतात, आणि त्यांच्यामागे पेले भरणारे तितकेच. पाण्याचे पिंप मागे भरलेले राहते आणि पुढचे टेबल रिकामे पडते. सकाळी गारवा असेल असे धरून आखलेली व्यवस्था दहा वाजता कोसळते ती अशी.

एका शर्यतीत आमच्या शाळेची मुले पाणपोईवर मदतीस नेली होती. ठिकाणाचे नाव सांगण्याचे कारण नाही. आयोजकांनी बाटल्या दिल्या होत्या, पेले दिले नव्हते. पुढे असलेल्या तरुणांनी दोन घोट घेऊन भरलेल्या बाटल्या रस्त्यावर टाकल्या. तास-दीड तासाने जे मागून आले, पन्नाशीच्या पुढचे, चालत-पळत येणारे, त्यांना द्यावयास आमच्यापाशी काही उरले नाही. एक मुलगा रस्त्यावर पडलेल्या अर्ध्या बाटल्या गोळा करू लागला. त्याला मी थांबविले. पुढे समोरच्या चाळीतील बायकांनी कळशा आणि घरातले पेले आणून वेळ निभावली. सर्वांत हळू धावणारा सर्वांत जास्त वेळ उन्हात असतो, हे साधे गणित आहे. आणि पाणी नेमके त्याच्याच वाट्याचे संपते. म्हणून साठ्याचा हिशेब शेवटच्या माणसापासून मागे करीत आणावयास हवा. पेला अर्धाच भरावा, तळहातावर धरावा, टेबलांची रांग लांब असावी आणि तिची सुरुवात दुरून दिसावी, या गोष्टी मुलांना अर्ध्या तासात शिकविता येतात. पण तो अर्धा तास आदल्या दिवशी काढावा लागतो.

जास्त पाणी हेही संकट होऊ शकते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेले आढळले. तहान नसताना पाणी ढोसल्याने असे होते, आणि ते प्राणावर बेतू शकते. म्हणून केवळ पाणी न ठेवता क्षारयुक्त पेय ठेवावे, आणि तहानेप्रमाणे प्या अशी सूचना प्रवेशपत्रिकेबरोबरच द्यावी.

शिकागोची ती शर्यत अखेर साडेतीन तासांनंतर मध्येच थांबवावी लागली. अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. शर्यत थांबविणे ही आयोजकांची नामुष्की आहे असे आपल्याकडे समजतात. मला तसे वाटत नाही. तथापि केव्हा थांबवावयाचे हे आधी ठरलेले असले पाहिजे आणि धावणाऱ्यास ते कळले पाहिजे. शिकागोत पुढे रंगीत निशाणांची पद्धत आली: हिरवे असेल तर ठीक, पिवळे असेल तर जपून, तांबडे असेल तर वेग आवरा, काळे लागले की शर्यत बंद. अशिक्षित माणसालाही कळेल अशी ही भाषा आहे. आपल्याकडे दमटपणा इतका असतो की नुसता पारा पाहून भागत नाही. घाम सुकतच नाही, मग अंग निवणार कसे?

उष्माघात झालेल्या धावपटूच्या शरीराचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते, तो असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या खातो. अशा वेळी त्याला गाडीत घालून रहदारीतून रुग्णालयाकडे पळविण्यापेक्षा जागच्या जागी बर्फाच्या पाण्याच्या टबात बसविणे अधिक हिताचे असते. आधी थंड करावयाचे, मग हलवावयाचे. समाप्तीरेषेजवळ असा टब आहे की नाही, यावरून मी शर्यतीची पारख करीन. हृदय बंद पडण्याचे प्रसंग त्यामानाने विरळ. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातील १०९ लाख धावपटूंत असे ५९ प्रसंग नोंदले गेले; आणि वाचले ते बहुतांशी ज्यांच्या छातीवर जवळच्या कोणीतरी तत्काळ दाब देण्यास आरंभ केला ते. तेव्हा ही क्रिया डॉक्टरांइतकीच पाणी देणाऱ्या मुलांना आणि वाहतूक पोलिसांना यावयास हवी. धावणाऱ्याने आपल्या क्रमांकपट्टीच्या पाठीवर रक्तगट आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. ती जागा छापलेली असते आणि बहुतेक जण कोरी ठेवतात.

प्रारंभरेषेवरील गोष्टी थोडक्यात सांगतो. शौचालये पुरेशी हवीत, हे बोलावयास संकोच वाटतो, पण ज्याने पहाटे चार वाजता त्या रांगेत अर्धा तास काढला आहे त्याला वाटणार नाही. स्त्रियांसाठी ती निराळी, उजेडात आणि पाण्यासह असावीत. वेगाप्रमाणे गट पाडून टप्प्याटप्प्याने सोडावे. मागे उभा असलेल्यास रेषेपर्यंत पोहोचावयास दहा-पंधरा मिनिटे लागतात. त्यांची भरपाई क्रमांकपट्टीवरील चिप करते, कारण रेषेवरील चटईवरून पाय पडला की त्याची स्वतःची वेळ सुरू होते. बक्षिसाचे क्रमांक मात्र सर्वसाधारणपणे बंदुकीच्या बारापासूनच्या वेळेवर ठरतात. हा भेद आधी स्पष्ट केला नाही की भांडणे होतात. शर्यत रद्द झाल्यास पैशांचे काय, हेही तसेच. २०१२ साली न्यूयॉर्कची मॅरेथॉन सँडी वादळामुळे केवळ दोन दिवस आधी रद्द झाली. शहराचा काही भाग अंधारात आणि पाण्यात असताना ती रद्द होणे योग्यच होते. पण लांबून आलेल्या हजारोंना तोवर ताटकळत ठेवले, हा दोष राहिलाच.

ज्यांना धावावयाचे नाही त्यांचाही रस्त्यावर हक्क असतो. रविवारी सकाळी मिस्सेला निघालेली म्हातारी माणसे, दूधवाले, प्रसूतीसाठी नेली जाणारी स्त्री, या सर्वांना कोणता रस्ता किती वाजेपर्यंत बंद आणि ओलांडावयाचा कोठे, हे आठवडाभर आधी कळले पाहिजे. ते कळले नाही की माणसे रागावतात आणि दहाच्या सुमारास अडथळे बाजूला सारून वाहने आत घुसतात. तेव्हा रस्त्यावर असतात ते पुन्हा मागे राहिलेलेच. मुंबईच्या मार्गावर कित्येक वर्षे पेडर रोडचा चढ शर्यतीच्या उत्तरार्धात येत आला. तेथे पाय जड झालेल्या माणसाच्या बाजूने मोटारसायकली जाऊ लागल्या तर काय होईल, ते सांगावयास नको.

शर्यतीस वेळेची मर्यादा असणे गैर नाही. शहर दिवसभर बांधून ठेवता येत नाही. परंतु सात तास म्हटले की सात तास. सहा तास चाळीस मिनिटांनी जो येतो त्याला पदक संपले, केळी संपली, सामान ठेवलेली खोली बंद झाली, असे ऐकावे लागू नये. नोंदणी जितकी तितकी पदके, एवढा हिशेब कोणालाही करता येतो. ज्यांना मर्यादेत येणे जमणार नाही त्यांच्यासाठी मागून एक बस हळूहळू यावी. तिच्यात पाणी असावे आणि बोलण्यात सौजन्य असलेला माणूस असावा. आणि शेवटचा धावपटू आत येईपर्यंत कमानीखालची चटई उचलू नये; ती उचलली की त्याच्या छातीवरची चिप कोणाशीच बोलू शकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी निकालाच्या यादीत त्याच्या नावापुढे शर्यत अपुरी अशी नोंद पडते.